फाट्यावरची पाटी

पुण्याहून नाशिकला निघालेली एसटी नारायणगाव सोडते, कुकडी ओलांडते आणि आळेफाट्याला येऊन थांबते. इथे गाडीत मोठी हालचाल होते. कुणाला ओतूर-माळशेजवरून कल्याण गाठायचं असतं, कुणाला बेल्हे-आणेमार्गे नगर. पोरं, पिशव्या, भाजीचे गठ्ठे खाली उतरतात, जवळपास तितकेच वर चढतात. या चौकात पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना छेदतात. पहिल्याचा क्रमांक ६०, दुसऱ्याचा ६१.

आकडे शेजारशेजारचे असल्यामुळे एक रस्ता दुसऱ्यातून फुटला असावा असं वाटतं. तसं नाही. २०१० साली केंद्र सरकारने देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले, तेव्हा एक साधा नियम ठरवला. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या रस्त्याला सम आकडा, पूर्व-पश्चिम धावणाऱ्याला विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. म्हणून कोलकात्याहून चेन्नईला जाणारा पूर्व किनाऱ्याचा रस्ता १६ आणि आपल्या कोकणातला ६६. विषम आकडे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. १ हा काश्मीरमध्ये आहे. तीन आकडी क्रमांक म्हणजे मूळ रस्त्याची शाखा. एवढं लक्षात ठेवलं तर आळेफाट्यावर सूर्य ढगाआड असला तरी दिशा कळते. साठवर असाल तर तोंड पुण्याकडे किंवा नाशिककडे, एकसष्टवर असाल तर कल्याणकडे किंवा नगरकडे.

त्याआधी पुणे-नाशिक रस्ता एनएच ५० होता आणि कल्याण-नगर रस्ता २२२. जुन्या पद्धतीत आकड्यावरून दिशा कळत नव्हती. पण आकडा एकदा लोकांच्या आणि कागदांच्या अंगवळणी पडला की सहज सुटत नाही. खेड ते सिन्नर चौपदरीकरणाचं काम नवे क्रमांक लागू झाल्यानंतर हाती घेतलं गेलं, तरी त्याच्या कागदपत्रांत रस्ता ‘एनएच ५०’ असाच राहिला. तो ५० आकडा आता नांदेडकडून कर्नाटकातल्या चित्रदुर्गाकडे जाणाऱ्या रस्त्याला दिलेला आहे. आणि आळेफाट्यावरून ६१ नंबर धरून पूर्वेला जात राहिलं, तर नगर, परभणी करत आपण नांदेडलाच पोचतो. आपला जुना आकडा तिथे भेटतो.

रस्त्याकडेच्या दगडांकडे आणि पाट्यांकडे मी बरीच वर्षं लक्ष देऊन पाहतो आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर मैलाचे दगड, किलोमीटरचे दगड, पेंटरने हाताने रंगवलेल्या पाट्या, रात्री चमकणारे फलक, गावच्या कमानी अशा खुणांच्या पिढ्या होऊन गेल्या. पाटीवर कुणाला उद्देशून लिहिलं आहे हे नीट पाहिलं, की रस्ता कुणाला डोळ्यांसमोर ठेवून बांधला हे कळतं.

मराठी मुलखात रस्त्याची खरी खूण म्हणजे फाटा. मोठ्या रस्त्याला गावाची वाट जिथे फुटते ती जागा. गाव दोन-तीन किलोमीटर आत असतं, पण एसटीचा थांबा, चहाची टपरी, दुधाच्या कॅनची गाडी, पंक्चरवाला हे सगळं फाट्यावर. कितीतरी फाटे पुढे स्वतःच गाव झाले. मूळ आळे हे गाव जुनं आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवला त्या रेड्याची समाधी तिथे आहे. पैठण-नेवाशाकडून आळंदीला परतताना त्या रेड्याने इथे देह ठेवला अशी परंपरा सांगते, म्हणजे ही वाट लोकांच्या आठवणीत किती मागे जाते ते पाहा. पण आज बाजार, बस, लॉज, दवाखाने यांनी गजबजलेलं ठिकाण आहे ते आळेफाटा. मूळ गाव मागे राहिलं आणि वाट फुटायची जागा शहर झाली.

रस्त्यासाठी सोयी उभ्या करण्याचं काम जुन्नर तालुक्यात दोन हजार वर्षांपूर्वी झालेलं आहे. जुन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून निघालेला माल बैलांवर, गाढवांवर लादून या घाटाने वर येई आणि जुन्नरवरून पैठणकडे जाई. घाट चढायला खडकात पायऱ्या खोदल्या, वाटेत पाण्याच्या टाक्या खोदल्या, माथ्यावर विसाव्याला लेणं कोरलं. माथ्यावर एकसंध दगडाचा मोठा रांजण आहे, तो जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. कर्नल साइक्स याने १८२८ साली तो पहिल्यांदा विद्वानांच्या नजरेस आणला. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे, आणि दान किती दिलं ते आकड्यांत लिहिलं आहे. भारतातल्या अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत हा लेख मोजला जातो. त्यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. आजच्या ६० मधलं शून्य त्या लेखकाला वाचता आलं नसतं, पण सहाचं आणि सातचं चिन्ह पाहून आपल्याला मात्र ओळखीचं काहीतरी दिसतं.

लेण्यात सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव कोरलेलं होतं. मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा उरल्या, नावं अजून वाचता येतात. घाटाच्या तोंडाशी, जिथून प्रत्येक व्यापाऱ्याला जावंच लागे, तिथे ही नावं कोरली. हा लेख वाटसरूला रस्ता दाखवत नाही, रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते सांगतो. आणि वाटसरू पायी असल्यामुळे लांबलचक लेख लिहायला हरकत नव्हती. दम खात, पाणी पीत, हवा तितका वेळ त्याच्याकडे पाहता येई. आजचा ६१ नंबरचा महामार्ग याच नाणेघाटाच्या पायथ्याच्या वैशाखरे गावावरून जातो आणि मग माळशेजने वर चढतो.

ब्रिटिश अमदानीत रस्त्याला माप आलं. त्या मापाची साखळी आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे, फक्त ती रस्त्यालाही लावली होती हे सहसा कुणी सांगत नाही. इंग्रज मोजणीदारांची गंटर साखळी ६६ फुटांची होती. तिच्या निम्म्याने, म्हणजे ३३ फुटांनी, चौरस आखला की झाला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. त्याच साखळीच्या १० लांब्या म्हणजे एक फर्लांग आणि ८ फर्लांगांचा मैल. सात-बाऱ्यावरचा गुंठा आणि रस्त्यावरचा मैल अशा रीतीने एकाच लोखंडी साखळीतून निघाले. बांधकाम खात्यात रस्त्यावरच्या जागेच्या क्रमांकाला आजही ‘साखळी क्रमांक’ म्हणतात, जरी मोजणी आता उपग्रहाच्या मदतीने होते.

१९५६ साली दशमान पद्धतीचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले. फर्लांगाच्या दगडांच्या जागी दर २०० मीटरला छोटे दगड लावायची पद्धत पडली. यात एक सुरेख योगायोग आहे. फर्लांग म्हणजे ६६० फूट, मीटरमध्ये २०१. माप बदललं तरी दोन छोट्या दगडांमधली चाल जवळपास तीच राहिली. शब्द तर अजिबात हलला नाही. रस्त्याची निगा राखणाऱ्या कामगाराला खात्यात ‘मैलकुली’ म्हणत आले. गवत काढणं, साइडपट्टीवर मुरूम टाकणं, मोरीत अडकलेला पाला उपसणं, दगडांना पावसाळ्यानंतर रंग देणं ही त्याची कामं. ठरलेला टप्पा त्याच्याकडे असे, म्हणून कोणता दगड कलला, कोणत्या पाटीवर बोरीची फांदी आली, हे त्याला तोंडपाठ असे. रस्त्याच्या खुणा जिवंत ठेवणारा हा माणूस होता. देखभाल ठेक्यावर गेल्यापासून त्याची उणीव मला प्रत्येक पावसाळ्यानंतर जाणवते.

दगडाचा पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा माथा म्हणजे राज्यमार्ग. दर पाचवा दगड इतरांहून मोठा असतो आणि त्यावर जास्त गावांची नावं मावतात. रस्त्यांची ही उतरंड ठरवण्यात मराठी माणसांचा आणि मराठी मुलखाचा मोठा हात आहे. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करणारी समिती नेमली गेली. पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनवर दोन आणे जादा कर घ्यावा आणि तो पैसा रस्त्यांवरच खर्च करावा, ही तिची शिफारस. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी निघाला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. आजही देशातल्या प्रत्येक पाटीचा आकार, रंग, अक्षराची उंची हीच संस्था ठरवते. पाट्यांच्या नियमांची तिची ६७ क्रमांकाची पुस्तिका १९७७ साली आली आणि नंतर अनेकदा सुधारली गेली. पुढे १९४३ साली नागपुरात प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते जमले आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा, ग्रामीण अशी रस्त्यांची वर्गवारी त्यांनी ठरवली. लागवडीच्या मुलखात कोणतंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, हे त्या नागपूर योजनेचं एक उद्दिष्ट होतं. पाच मैल म्हणजे फाट्यापर्यंत डोक्यावर ओझं घेऊन चालता येईल इतकं अंतर. त्या अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर फाट्यावर येऊन उभा राहणारा माणूस होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जुन्या रस्त्याच्या खुणांत झाडंही मोजली पाहिजेत. दोन्ही बाजूंच्या वडांच्या, चिंचांच्या खोडांवर गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढलेले असत. ते शोभेसाठी नव्हते. रात्री गाडीच्या मंद दिव्यात पांढरा पट्टा उजळायचा आणि पुढे रस्ता कुठे वळतो ते दिसायचं. रस्ता रुंद झाला तेव्हा ही झाडं गेली. त्यांचं वळण दाखवण्याचं काम काळ्या-पिवळ्या बाणांच्या पाट्यांनी घेतलं. सावलीचं काम मात्र कुणी घेतलं नाही. मे महिन्यात नव्या थांब्याच्या पत्र्याखाली उभं राहिलं की ते कळतं.

वेग वाढला की पाटीची भाषा बदलते. हे गणित सोपं आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी एसटी एका सेकंदात १४ मीटर जाते, ताशी १०० ने जाणारी मोटार २८ मीटर. पाटीवरची तीन नावं वाचायला दोन सेकंद लागतात असं धरलं तर तेवढ्यात मोटार ५६ मीटर पुढे गेलेली असते. मग निर्णय घ्यायचा, गाडी हळू करायची, कड बदलायची. म्हणून पाटी वळणाच्या बरीच आधी हवी, अक्षर मोठं हवं आणि नावं कमी हवीत. जुन्या पाटीवर पाच-सहा गावं सुखाने नांदायची, नव्या पाटीवर दोन-तीनच राहतात. जागेच्या या टंचाईत आधी छोटं गाव जातं. पुणे, नाशिक राहतात. नारायणगाव, मंचर कसेबसे राहतात. एकलहरे, चाळकवाडी यांना फाट्याशी लावलेल्या लहान पाटीवर समाधान मानावं लागतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही, वेगाचा नियम आहे. पण परिणाम व्हायचा तो होतोच. अनोळखी माणूस त्या गावाला जायला निघाला तर फाटा मागे पडल्यावरच त्याला समजतं, आणि दुभाजकामुळे परत फिरायला पुढचा कट शोधावा लागतो.

आकारांची भाषा बऱ्याच देशांत सारखी आहे, आणि ती शिकायला सोपी आहे. गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी सावध करते, चौकोनी माहिती देते. याची सुरुवात १९०९ साली पॅरिसमधल्या एका कराराने झाली. त्यात खड्डा-उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक अशा चारच धोक्यांच्या खुणा ठरल्या होत्या. १९६८ च्या व्हिएन्ना करारात ही भाषा पुरी झाली आणि भारत १९८० साली त्यात सामील झाला. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळावी म्हणून ती चित्रांची ठेवली आहे.

रात्री ही पाटी स्वतःहून पेटल्यासारखी दिसते, ते कसं हे मुलं हमखास विचारतात. पाटीत दिवा नसतो. तिच्यावर चिकटवलेल्या पातळ थरात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म लोलक असतात. प्रत्येकाला खोलीच्या कोपऱ्यासारख्या तीन बाजू, एकमेकींशी काटकोनात. कोपऱ्यात चेंडू टाकला तर तो भिंतींवर आपटून आपल्याच दिशेला परत येतो, तसा प्रकाश या लोलकातून आला तसाच मागे फिरतो. आरशात तो दुसरीकडे गेला असता, इथे तो थेट गाडीच्या दिव्यांकडे येतो आणि चालकाचे डोळे दिव्यांच्या जवळच असल्यामुळे त्याला अक्षर लखलखीत दिसतं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांत हेच काम काचेचे बारीक मणी करतात. गरम रंग ओला असतानाच ते वर पेरतात. मणी झिजले की पट्टा दिवसा पांढरा दिसतो पण रात्री नाहीसा होतो. पाटीवर धूळ बसली किंवा कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा कागद चिकटवला, की लोलक आंधळे होतात. ज्याने कागद चिकटवला त्याला दिवसाउजेडी यातलं काही दिसत नाही.

सगळ्यात मोठा बदल बाह्यवळणांनी केला. पूर्वी महामार्ग म्हणजेच गावाचा मुख्य रस्ता. मंचरच्या बाजारपेठेतून, नारायणगावच्या एसटी स्टँडसमोरून, राजगुरुनगरच्या गर्दीतून ट्रक जायचे. २०२१ मध्ये नारायणगावचं बाह्यवळण खुलं झालं. तासन्‌तासांची कोंडी सुटली, रुग्णवाहिका वेळेवर पोचू लागली, शाळेची पोरं रस्ता ओलांडू लागली. हे फार चांगलं झालं. बाह्यवळणामुळे धंदा गेला म्हणून हळहळणाऱ्यांची बाजू मला समजते, पण गावाच्या मधून जाणाऱ्या त्या ट्रकांखाली माणसं जात होती हे विसरून चालणार नाही.

तरीही नारायणगावच्या बाबतीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे गाव तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे फडाचं तात्पुरतं कार्यालय. दारात फडाच्या नावाचा रंगीत फलक, आत व्यवस्थापक आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, राहुट्या फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन तारीख पक्की करतात. हा सगळा व्यवहार नारायणगावात जमला, कारण पुणे, नगर, नाशिक, ठाणे या चारी बाजूंच्या माणसांना इथे उतरणं सोपं होतं. कलेचं केंद्र रस्त्याच्या सोयीवर उभं राहिलं. बाह्यवळणावरून जाणाऱ्याला या राहुट्यांचा पत्ता लागत नाही. ओझरच्या विघ्नहराची आणि लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाची पाटी महामार्गावर लागते, शिवनेरीची लागते, खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचीही लागते. तमाशा पंढरीचीही तशीच एक पाटी असायला हवी. २०१८ मध्ये जुन्नर तालुक्याला पर्यटनाचा खास दर्जा मिळाला आहे, तेव्हा पर्यटनस्थळांच्या तपकिरी पाट्यांत ही एक बसवणं कठीण नाही.

बाह्यवळणाने दगडांचा हिशेबही बिघडतो. समजा, जुन्या रस्त्याने गावातून जाणारा टप्पा पाच किलोमीटरचा होता आणि नवा वळसा सहाचा झाला. आता पुढच्या प्रत्येक दगडाचा आकडा एकाने चुकला. सगळे दगड बदलायचे तर नाशिकपर्यंतचे बदलावे लागतील, नाही बदलायचे तर वळणाच्या टोकाला आकडा उडी मारणार. कागदावरची साखळी आणि जागेवरचा दगड यांत असा फरक पडतो. एरवी तो कुणाला जाणवत नाही; अपघात झाल्यावर जाणवतो. १०८ ला फोन करणारा घाबरलेला माणूस ‘पेट्रोल पंपाच्या पुढे, मोठ्या झाडाजवळ’ असं सांगतो. झाड तोडलेलं असतं आणि पंप दोन्ही बाजूंना असतात. त्या घडीला जवळच्या दगडावरचा आकडा जीव वाचवू शकतो, जर दगड जागेवर असेल आणि आकडा खरा असेल तर.

सरकारी पाटी अपुरी पडली की गाव स्वतःची पाटी लावतं. फाट्यावरची स्वागत कमान हे त्याचं ठसठशीत रूप. लहान पाटीवर न मावलेलं गावाचं नाव तिथे हातभर अक्षरांत असतं, सोबत ग्रामदैवत आणि देणगीदार. काही ठिकाणी गावकरी स्वतःच गतिरोधक घालतात. नियमाने ते चुकीचं आहे, रात्री रंग नसलेला गतिरोधक दुचाकीवाल्याचा जीव घेतो. पण तो घालण्याआधी त्या फाट्यावर काय घडलेलं असतं ते विचारलं, तर बहुतेक वेळा एखाद्या घरातलं माणूस गेलेलं असतं. गतिरोधकाची मागणी हा त्या गावाने महामार्गाला लिहिलेला अर्ज असतो, आणि त्याचं खरं उत्तर भुयारी मार्ग, सेवा रस्ता आणि उजेड हे आहे.

वनविभागाच्या पाट्या मात्र याच मुलखाच्या खास. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालव्याने पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्यांना दाट लपण मिळालं. कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात होतो. माणिकडोहला जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. ‘बिबटप्रवण क्षेत्र’ अशी पाटी इथे शेताच्या बांधालाही दिसते आणि रस्त्याच्या कडेलाही. महामार्गावर गाडीखाली बिबटे मरतात, तेव्हा ही पाटी माणसाच्या बचावासाठी आहे तितकीच जनावराच्याही. रात्री उसाच्या पट्ट्यातून जाताना वेग कमी करा, एवढंच ती सांगते.

नावांचं दुखणं वेगळं. पाटीवर वर मराठी आणि खाली रोमन अक्षर असतं. रोमन लिपीत ‘ळ’ नाही. त्यामुळे आळेफाटा, कळंब, चाळकवाडी यांचा मधला स्वर आणि तो ठसठशीत ळ तिथे पोचेपर्यंत गळून पडतो. मोबाइल नकाशातला आवाज रोमन अक्षरावरून उच्चार करतो आणि ‘आले फाटा’ म्हणतो. नवखा चालक तेच शिकतो, ट्रकवाला तेच बोलतो. म्हणून वरची मराठी ओळ शुद्ध आणि मोठी असण्याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. गावाचं नाव नीट उच्चारण्याची सोय त्या एकाच ओळीत उरली आहे.

काही नावं बदलली. खेडचं राजगुरुनगर झालं ते हुतात्मा शिवराम हरी राजगुरूंच्या स्मरणार्थ, तरी आजही दोन्ही नावं चालतात आणि तालुका खेडच राहिला. आळेफाट्यावरून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्यावरचं अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. एक नाव बदललं की राजपत्र एका दिवसात निघतं, पण दगड, पाट्या, एसटीच्या दर्शनी पाट्या, नकाशे बदलायला वर्षं जातात. आणि एक नाव असं आहे ज्याच्याकडे नेणारा जुना रस्ताच उरला नाही. आंबेगाव तालुक्याला ज्याने नाव दिलं ते आंबेगाव घोड नदीच्या काठी होतं. डिंभे धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. त्या जलाशयाला याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचं नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर उभं राहून त्यांनी प्राण दिले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे, बाजार मंचरला. मंचरहून भीमाशंकरकडे जाताना घोडेगाव लागतं, मग डिंभे लागतं आणि पुढे उजवीकडे पाणी दिसतं. तिथे थांबून ‘मूळ आंबेगाव या पाण्याखाली आहे’ असं वाचायला मिळावं, अशी पाटी उभी करायला एक दगड पुरेल.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. गावातून जाणाऱ्या जुन्या महामार्गावर अजून काही जुने दगड आहेत. रस्त्याचं काम निघेल तेव्हा ते खडीखाली जाऊ देऊ नका. ग्रामपंचायतीने ते उचलून शाळेच्या अंगणात उभे करावेत. नव्या रस्त्यावर तुमच्या फाट्याची पाटी नसेल, पडली असेल, फांद्यांनी झाकली असेल किंवा नाव चुकीचं लिहिलं असेल, तर ग्रामसभेत ठराव करा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन करताना जवळच्या दगडावरचा किलोमीटर आणि कडेच्या छोट्या दगडावरचा आकडा आधी टिपून घ्या आणि तोच सांगा.